गॅसचा हिशेब पुरे, आता स्लरीचे बोला

ओल्या कचऱ्यापासून इंधन आणि खत या विषयावर घोषणांचा तुटवडा कधीच नव्हता. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने ‘सतत’ योजना आणली. २०२३-२४ पर्यंत पाच हजार प्रकल्प आणि वर्षाला दीड कोटी टन कॉम्प्रेस्ड बायोगॅस, म्हणजे सीबीजी, असे लक्ष्य होते. मुदत संपली तेव्हा चालू झालेले प्रकल्प शेकड्याला पाचही नव्हते. मग शहरी गॅस कंपन्यांवर सीबीजी मिसळण्याची सक्ती आली: २०२५-२६ साठी एक टक्का, वाढत वाढत २०२८-२९ पासून पाच टक्के. गिऱ्हाईक तर आता सरकारनेच बांधून दिले आहे. तरी प्रकल्प रडतखडत का चालतात? विचारले की दोन ठरीव उत्तरे येतात. कच्चा माल मिळत नाही, हे एक. ‘जिवाणू कमजोर पडले’ हे दुसरे. आणि या दुसऱ्या उत्तराच्या पाठोपाठ कल्चरची, म्हणजे जिवाणूंच्या विरजणाची, बाटली घेऊन कुणीतरी दारात उभा राहतो.

पहिले उत्तर अर्धे खरे आहे, दुसरे बहुतेक वेळा खोटे. बायोगॅस प्रकल्पाचा जीव जातो तो आउटलेटपाशी. गॅसला मीटर आहे, दर आहे, करार आहे. आउटलेटमधून पडणाऱ्या स्लरीला, म्हणजे गॅस निघून गेल्यावर उरणाऱ्या पातळ लगद्याला, यातले काहीही नाही. ती कुठे जाते, कोण उचलतो, उचलणाऱ्याला काय मिळते, हे प्रकल्प अहवालाच्या शेवटच्या पानावर दोन ओळींत उरकलेले असते. स्लरी ही ‘विल्हेवाट लावायची’ वस्तू राहील तोवर घरचा गोबरगॅस असो की रोज शंभर टन खाणारा सीबीजी प्रकल्प, तो अनुदानाच्या टेकूवरच उभा राहणार.

आधी जिवाणूंचे बघू, कारण गैरसमज तिथूनच सुरू होतात. मातीतल्या जिवाणूंकडून इंधन करवून घेणे ही नवी शक्कल नाही. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्यासाठी लागणारे अ‍ॅसिटोन खाइम वाइझमन यांनी क्लॉस्ट्रिडियम कुळातल्या जिवाणूकडून पिष्ट आंबवून मिळवले होते; त्याच आंबवणातून ब्युटेनॉलही निघे. आपल्याकडे मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात एकोणिसाव्या शतकातच मैल्यापासून गॅस होत होता. डायजेस्टरमध्ये, म्हणजे कुजवण्याच्या बंद टाकीत, काम चार टप्प्यांत चालते. पहिला गट पिष्ट, प्रथिने, चरबी आणि तंतू फोडतो. दुसरा त्याची आम्ले करतो. तिसरा त्या आम्लांपासून अ‍ॅसेटिक आम्ल आणि हायड्रोजन काढतो. चौथा गट शेवटी मिथेन बनवतो. हे चौथे काटेकोरपणे जिवाणू नाहीत, ‘आर्किया’ नावाच्या वेगळ्या घराण्यातले आहेत. भातखाचरातला चिखल आणि गाईचे पोट ही त्यांची जुनी ठिकाणे. ही सगळी मंडळी ताज्या शेणाबरोबर फुकट येतात. नवे संयंत्र भरताना शेण आणि पाणी समप्रमाणात कालवून ओतायचे आणि शेजारच्या चालू संयंत्रातली स्लरी एकूण भरणाच्या दहाव्या हिश्शाइतकी त्यात मिसळायची. सुरुवातीचा गॅस पेटत नाही, कारण त्यात कार्बन डायऑक्साइडच जास्त असतो. तो सोडून द्यायचा. दोन-तीन आठवड्यांत ज्योत निळी होते. यात विकत घेण्यासारखे काही नाही.

मग संयंत्र बिघडते कशाने? घाईने. आम्ल करणारे जिवाणू काही तासांत दुप्पट होतात, मिथेन करणाऱ्यांना त्यासाठी कित्येक दिवस लागतात. सणाच्या दुसऱ्या दिवशी हॉटेलचा किंवा मंगल कार्यालयाचा भात, पोळ्या, जिलेब्या असे सगळे एकदम ढकलले की आम्लांचा ढीग साचतो आणि तो उपसणारे हात अपुरे पडतात. सामू, म्हणजे पीएच, ६.८ ते ७.५ च्या दरम्यान हवा, तो ६.५ च्या खाली गेला की मिथेन थांबत जातो. गॅस भरपूर दिसतो पण पेटत नाही, आंबट वास सुटतो, फेस येतो. इथे एक बारकावा फार थोडे चालक पाळतात. सामू हा उशिरा बोलणारा साक्षीदार आहे. स्लरीत बायकार्बोनेटचा साठा असतो तोवर तो सामूला धरून ठेवतो, आणि तो साठा संपला की सामू एका रात्रीत कोसळतो. म्हणून मोजायचे ते आम्लांचे क्षारतेशी असलेले गुणोत्तर. वीस मिलिलिटर गाळलेली स्लरी, ०.१ नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल, एक ब्युरेट आणि एक सामूमापक. आधी सामू ५.० पर्यंत उतरवायला किती आम्ल लागले ते टिपायचे, मग तिथून ४.४ पर्यंत उतरवायला किती लागले ते. त्यावरून काढलेले गुणोत्तर ०.३ ते ०.४ असेल तर ठीक, ०.५ च्या वर सरकू लागले तर त्याच दिवशी भरणा निम्मा करायचा. सामूमापक सोडला तर या सामानाची किंमत एका कल्चरच्या डब्याहून जास्त नसावी. तरी ते बहुतेक ठिकाणी नसते.

एकदा बिघडलेच तर उपाय साधा आणि कंटाळवाणा आहे. भरणा तीन ते सात दिवस बंद, मग थोडे ताजे शेण किंवा चालू संयंत्रातली स्लरी, आणि पुन्हा चौथ्या हिश्शाच्या भरण्यापासून सुरुवात. सामू उचलायला चुना ओतण्याची सवय सोडावी. चुना विरघळलेला आणि वर साठलेला कार्बन डायऑक्साइड भराभर शोषतो, आतला दाब उतरतो, पिशवीचे संयंत्र असेल तर ती आत ओढली जाते आणि तळाला चुन्याची खर बसते. खाण्याचा सोडा महाग पडतो, पण थोडाथोडा देता येतो आणि असा दगा देत नाही.

बाकीचे आजार झटपट सांगून टाकतो. लिंबू-संत्र्याच्या सालीतले तेल मिथेनवाल्यांना मारक आहे. हॉटेलच्या धुवणीतले फिनेल, ब्लीच आणि अ‍ॅसिडही तसेच. कोंबडीखतात नत्र जादा, त्यामुळे अमोनिया साठतो. ते पाचटाबरोबर किंवा भुश्श्याबरोबर मिसळूनच द्यावे, कर्ब-नत्राचे प्रमाण वीस ते तीसास एकच्या आत बसवून. मातीच्या गोठ्यातल्या शेणाबरोबर खडे आणि माती जातात, तळाशी बसतात आणि चार-पाच वर्षांत टाकीचा मोठा भाग खाऊन टाकतात. डिसेंबर-जानेवारीत विदर्भ-खानदेशात गॅस निम्म्यावर येतो, तेव्हा शेणकाला उन्हात तापलेल्या पाण्याने करावा. हायड्रोजन सल्फाइड काढल्याशिवाय गॅस इंजिनाला दिला तर इंजिन महिन्यांत सडते. लोखंडाचा किस भरलेला पाइप हा जुना आणि चालणारा उपाय आहे. या यादीत ‘जिवाणू कमी पडले’ असा आजार कुठेच नाही.

शहरी प्रकल्पांचा आजार मात्र वेगळा आहे, आणि तो निविदेत जन्मतो. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने पिष्टमय खरकट्यावर चालणारे घरगुती संयंत्र केले, त्याला २००६ साली अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. त्यामागचा विचार नेमका होता: शेण हे जनावराने आधीच पिळून घेतलेले अन्न आहे. एक घनमीटर गॅसला पंचवीस किलो शेण लागते. तेवढाच गॅस दोन किलोहूनही कमी कोरड्या पिष्टातून निघतो. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ पद्धत बसवली. त्यात कचरा आधी हवा आणि उष्णता देऊन एका टाकीत फोडायचा, मग बंद टाकीत गॅस करायचा. दोन्ही कल्पना उत्तम. पण नगरपालिका हेच तंत्र विकत घेते आणि ठेकेदाराला पैसे देते ते ‘स्वीकारलेल्या टनांवर’. टनावर पैसे म्हटल्यावर तो घंटागाडी परत कशाला पाठवेल? प्लॅस्टिक पिशवी, दोरा, नारळाची शेंडी, झाडूच्या काड्या, सॅनिटरी पॅड, सगळे वजनात मोजले जाते. पंपात दोरा गुंडाळतो, डायजेस्टरमध्ये वर साय धरते, सहा महिन्यांत मिक्सर बंद. वर्षभराने तेच यंत्र भंगार आणि तोच ठेकेदार दुसऱ्या वॉर्डात. घनकचरा नियम २०१६ पासून वर्गीकरण सक्तीचे आहे. सक्ती नागरिकावर आहे, पण मिसळलेली गाडी नाकारण्याचा हक्क आणि नाकारल्यावर बुडणाऱ्या पैशाची भरपाई प्रकल्पचालकाला नाही.

मिसळलेल्या कचऱ्याचा खरा फटका खताला बसतो. खत नियंत्रण आदेशात सेंद्रिय खतासाठी जड धातूंच्या मर्यादा आहेत: किलोमागे कॅडमियम ५ मिलिग्रॅम, शिसे १००, क्रोमियम ५०, आर्सेनिक १०, पारा ०.१५. एक फुटलेली ट्यूबलाइट, दोन बॅटरीचे सेल, रंगाचे डबे आले की हे आकडे हुकायला वेळ लागत नाही. गॅस मात्र तरीही निघतो, शिसे त्याला आडवे येत नाही. म्हणून केवळ गॅसच्या मीटरवर भागणारा प्रकल्प वर्षानुवर्षे विषारी गाळ तयार करत राहू शकतो आणि कागदावर यशस्वी दिसतो.

आता स्लरी विकली का जात नाही, याचे गणित मांडू. गोबरगॅसच्या स्लरीत घन पदार्थ सहा-सात टक्के, बाकी पाणी. त्या कोरड्या भागात नत्र दीड टक्क्याच्या आसपास. म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये सहाशे किलो कोरडा माल आणि साधारण नऊ किलो नत्र. पंचेचाळीस किलोच्या युरियाच्या पोत्यात २०.७ किलो नत्र असते आणि शेतकऱ्याला ते पोते २६६ रुपये ५० पैशांना मिळते. म्हणजे नत्राचा भाव किलोला तेरा रुपये, आणि अख्ख्या टँकरमधल्या नत्राची किंमत एकशे सतरा रुपये. टँकर दहा किलोमीटर नेऊन रिकामा परत आणायला डिझेलच याहून जास्त जाते. दुकानात पोत्याची जी किंमत शेतकरी देतो त्याच्या कित्येक पट सरकार आतून भरते, म्हणून ते स्वस्त आहे; स्लरीला अशी आतली भरपाई नाही. या भावात कुणीही शहाणा शेतकरी टँकर मागवणार नाही, आणि ‘शेतकऱ्यांमध्ये जागृती नाही’ असा शेरा मारणारा अधिकारी हे गणित करत नाही.

मात्र त्याच टँकरमध्ये दोनशे किलोच्या वर सेंद्रिय कर्ब आहे, सहा-सहा किलो स्फुरद-पालाश आहे. आपल्या काळ्या जमिनींत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली घसरलेला असणे ही आता बातमी राहिलेली नाही. युरिया तो कर्ब आणत नाही. मग सार्वजनिक पैसा नत्रावर इतका ओतायचा आणि कर्बावर जवळजवळ शून्य, हे कोणत्या तर्कात बसते? केंद्राने २०२३ मध्ये अशा खताला टनामागे १,५०० रुपये विपणन साहाय्य जाहीर केले, ही चांगली सुरुवात होती. पण ते गोबरधन योजनेतल्या प्रकल्पांनी विकलेल्या मालासाठी आहे. दोन घनमीटरचे संयंत्र सांभाळणाऱ्या, रोज पन्नास किलो शेण कालवणाऱ्या बाईच्या हातात त्यातले काही येत नाही. शिवाय टनावर पैसे दिले की पाणी विकण्याचा मोह होतो. द्यायचेच तर कोरड्या वजनावर आणि तपासलेल्या कर्बावर द्यावेत.

स्लरीला भाव दिल्यावर काय होते याचे उदाहरण गुजरातेत आहे. आणंद जिल्ह्यातल्या झकरियापुरा गावात राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने घरोघरी छोटी संयंत्रे बसवली आणि बायकांची जादा स्लरी गुणवत्ता पाहून लिटरवर विकत घ्यायला सुरुवात केली; त्यापासून केलेली खते ‘सुधन’ या नावाने विकली जातात. गॅस फक्त चुलीचा खर्च वाचवतो. स्लरीचे रोख पैसे येतात म्हटल्यावर संयंत्र बंद पडू देणे घराला परवडत नाही. पातळ केलेल्या स्लरीला कमी पैसे, त्यामुळे पाणीही मापात पडते. आपल्याकडे कोल्हापूर आणि सिंधुदुर्गात गोबरगॅसचे जाळे दाट आहे, झारापच्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानाने कुडाळ परिसरात हजारो संयंत्रे उभी केली आहेत. दूध संघांची संकलन केंद्रे गावोगाव आहेत. दूध मोजायला फॅट लावणाऱ्या व्यवस्थेला स्लरीची घनता मोजणे अवघड जाणार नाही.

इथे कंपोस्टवाल्या मंडळींचा एक आक्षेप ऐकून घ्यायला हवा, कारण तो पोकळ नाही. ते म्हणतात, गॅस म्हणजे मातीच्या तोंडचा कर्ब काढून जाळणे. तो कर्ब जमिनीत गेला असता तर जिवाणूंना खायला मिळाले असते. खरे आहे, पण पुरते नाही. गॅसमध्ये जातो तो सहज कुजणारा कर्ब: साखर, पिष्ट, चरबी. तो उघड्यावर किंवा जमिनीत टाकला असता तर आपल्या तापमानात काही आठवड्यांत कार्बन डायऑक्साइड होऊन उडालाच असता. टिकाऊ भाग, म्हणजे लिग्निन आणि त्याच्यासारखे चिवट पदार्थ, डायजेस्टरमधून जवळजवळ जसाच्या तसा बाहेर येतो. नत्र, स्फुरद, पालाशही तिथेच राहतात. गॅस हा उडून जाणाऱ्या भागाचा वापर आहे, मातीच्या वाट्याची चोरी नाही. अट एकच, स्लरी शेतात पोचली पाहिजे. ती नाल्यात सोडली किंवा उघड्या खड्ड्यात साठवली तर दोन्हीकडून नुकसान, कारण खड्ड्यात उरलेला मिथेन हवेत सुटत राहतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीस पट तापदायक आहे.

दुसरा घोळ खताच्या बाजूचा. डायजेस्टरमधून आलेल्या मालाला सर्रास ‘जिवाणू खत’ म्हणून विकतात. तो सेंद्रिय खत आहे, जिवाणू खत नव्हे. खत नियंत्रण आदेशातही दोहोंची परिशिष्टे आणि कसोट्या वेगळ्या आहेत. जिवाणू खतात मोजून ठेवलेला, नावानिशी ठरलेला वाण असावा लागतो: पावडर असेल तर ग्रॅममागे किमान पाच कोटी जिवंत पेशी, द्रवरूप असेल तर मिलिलिटरमागे दहा कोटी. डायजेस्टर हे शेकडो जातींचे मिश्र गाव आहे आणि त्यातले बहुतेक रहिवासी हवा लागताच मरतात किंवा निपचित पडतात. ते जमिनीत जाऊन नत्र स्थिर करतील ही आशा फोल आहे.

म्हणून मग स्लरीच्या टाकीतच हवेतला नत्र पकडणाऱ्या अ‍ॅझोटोबॅक्टरची बाटली ओतायचा सल्ला दिला जातो. हा पैशाचा चुराडा. अ‍ॅझोटोबॅक्टर कडक हवाप्रेमी आहे, ताज्या स्लरीत प्राणवायू नसतो. आणि समजा जगला, तरी स्लरीतला अमोनिया आयता मिळाल्यावर हवेतला नत्र पकडण्याचे यंत्र तो बंदच करून टाकतो. फुकट मिळणाऱ्या नत्रासाठी कोण कष्ट करील? रीत अशी हवी: स्लरी स्क्रू प्रेसने किंवा वाळूच्या वाफ्यात निथळून घ्यायची, चोथा सावलीत पसरायचा, उन्हात नाही, कारण उन्हात अमोनियाच्या रूपातला नत्र उडून जातो. ओल चाळीस टक्क्यांच्या आसपास आली, म्हणजे मुठीत दाबल्यावर गोळा होतो पण पाणी गळत नाही, अशी झाली की शंभर किलो चोथ्याला एक-एक लिटर द्रवरूप अ‍ॅझोटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू पाण्यात मिसळून शिंपडायचे. गोणपाटाने झाकून आठ-दहा दिवस ठेवायचे, मधे एकदा उलथायचे. ढीग हाताला गरम लागत असेल तर अजून वेळ आहे. गरम ढिगात घातलेले जिवाणू शिजतात. इतके केल्यावर ते पेरणीच्या ओळीत द्यायचे, नुसते भुरभुरायचे नाही.

तरीही अ‍ॅझोटोबॅक्टरकडून चमत्काराची अपेक्षा नको. एक ग्रॅम नत्र पकडायला त्याला पन्नास ते शंभर ग्रॅम साखरेइतके अन्न खर्ची घालावे लागते. हेक्टरी वीस किलो नत्र द्यायचे तर एक-दोन टन साखरेइतका कर्ब त्याच्या पुढ्यात हवा. उघड्या, पाचट जाळलेल्या रानात तो कुठून येणार? उसाची गोष्ट थोडी वेगळी, कारण तिथे ग्लुकोनअ‍ॅसिटोबॅक्टर हा जिवाणू (रूढ नाव अ‍ॅसिटोबॅक्टर) उसाच्या आतच, साखरेच्या शेजारी राहतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस आहे की हेक्टरी दहा किलो अ‍ॅसिटोबॅक्टर आणि सव्वा किलो स्फुरद विरघळवणारे जिवाणू शंभर लिटर पाण्यात कालवून टिपऱ्या अर्धा तास बुडवाव्यात. मग नत्राची मात्रा निम्म्याने कमी करता येते. हे काम बुरशीनाशकाची प्रक्रिया आटोपल्यावर करायचे, त्याच पाण्यात नाही. दुकानात मे महिन्यात पत्र्याखाली तापलेली पाकिटे घेतली तर त्यात मेलेली पावडर मिळते, आणि मग जिवाणूंवरचा विश्वासच उडतो. कृषी खात्याने नमुने घ्यायचे तर कारखान्याच्या फाटकात नव्हे, विक्रेत्याच्या फळीवरून घ्यावेत.

पाचटाचा उल्लेख आला तर स्लरीचा एक हमखास उपयोग सांगायला हवा, जो आश्चर्य म्हणजे फारसा कुणी सुचवत नाही. खोडव्यात एक टन पाचट कुजवायला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो कुजवणारे जिवाणू ही रुळलेली शिफारस आहे. आठ किलो युरिया म्हणजे ३.७ किलो नत्र. ते चार हजार लिटर स्लरीतून येते. हेक्टरी दहा टन पाचट धरले तर चार टँकर. सरीत पाट पाण्याबरोबर सोडायचे, ठिबकमधून नाही, कारण ठिबकचे ड्रिपर चार दिवसांत चोंदतात. पाचट जळायचे थांबते, स्लरीला दोन-तीन महिन्यांचे गिऱ्हाईक मिळते.

आणि आता महाराष्ट्राचा खरा प्रश्न: प्रेसमड, म्हणजे साखर कारखान्यात उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ. गाळलेल्या उसाच्या तीन ते चार टक्के प्रेसमड निघतो. २०२२-२३ च्या हंगामात राज्याने साधारण साडेदहा कोटी टन ऊस गाळला, म्हणजे पस्तीस-चाळीस लाख टन प्रेसमड. पंचवीस टनांतून एक टन सीबीजी हा ढोबळ हिशेब. शंभर टन प्रेसमड खाणारा प्रकल्प रोज चार टन गॅस विकतो. ‘सतत’च्या मूळ ४६ रुपये किलोच्या दराने एक लाख चौऱ्याऐंशी हजार. गॅसच्या वाटेने, कार्बन डायऑक्साइड धरूनही, शंभरातले जेमतेम दहा-बारा टन जातात. बाकी अठ्ठ्याऐंशी टन, वर मिसळलेले पाणी, दुसऱ्या टोकाला दत्त म्हणून हजर. त्यातला तीस टन निथळलेला चोथा टनाला तीन हजारांनी गेला तर नव्वद हजार, म्हणजे गॅसच्या जवळजवळ निम्मे; नाही गेला तर तो ठेवायला जागा, झाकायला ताडपत्री आणि पावसाळ्यात वाहून गेला तर प्रदूषण मंडळाची नोटीस. एकाच प्रकल्पाचे दोन ताळेबंद होतात, आणि फरक फक्त खताचा.

प्रेसमडचे स्वतःचे नखरेही आहेत. हंगाम नोव्हेंबर ते मार्च, प्रकल्प बाराही महिने चालवायचा. उघड्या ढिगात तो हात घालवत नाही इतका तापतो आणि मे उजाडेपर्यंत गॅस देणारा माल आतल्या आत जळून जातो. साठवायचाच तर सिमेंटच्या खड्ड्यात थर दाबून, हवा काढून, घट्ट झाकून, मुरघासासारखा. साखर स्वच्छ करताना गंधक वापरल्यामुळे यात हायड्रोजन सल्फाइड जास्त निघतो. शुद्धीकरणाचा खर्च शेणाच्या हिशेबाने धरणारे फसतात. निथळलेले पाणी पुन्हा पुन्हा कालवणीला वापरले तर क्षार आणि अमोनिया साठत जातात, म्हणून रोज काही भाग बाहेर काढावाच लागतो.

पण मुद्दा मालकीचा आहे. आजवर हा प्रेसमड ऊस उत्पादक स्वस्तात किंवा फुकट नेत होता, किंवा आसवनीच्या स्पेंट वॉशबरोबर, म्हणजे सांडपाण्याबरोबर, त्याचे कंपोस्ट होत होते. त्यातले स्फुरद हे उसाच्या रसातून, म्हणजे सभासदाच्या जमिनीतून आलेले आहे. सीबीजी प्रकल्प टनाला भाव देऊ लागल्यावर कारखान्याला नवे उत्पन्न दिसते आणि सभासदाच्या शेताचा एक खुराक बंद होतो. गॅस विकायला हरकत नाही. तो सभासद शेतात लावू शकतच नव्हता. खत मात्र त्याचेच आहे. सहकारी कारखान्यांच्या सर्वसाधारण सभेत एफआरपीवर, म्हणजे उसाच्या ठरलेल्या किमान भावावर, तासन्‌तास भांडण होते, ते योग्यच, पण प्रेसमडचा करार कुणी वाचून दाखवा म्हणत नाही. या करारात तीन कलमे घालता येतील. आलेल्या प्रत्येक टन प्रेसमडमागे ठरावीक किलो खत, कोरड्या वजनावर मोजून, सभासदाला फक्त वाहतूक खर्चात परत. प्रत्येक घाण्याची कर्ब, स्फुरद आणि जड धातूंची तपासणी, आणि तिचा अहवाल गट कार्यालयाच्या फलकावर. तिसरे कलम वेळेचे. आडसाली लागण जुलै-ऑगस्टात, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, सुरू जानेवारी-फेब्रुवारीत. खत लागणीच्या आधी किमान पंधरा दिवस बांधावर पोचले नाही तर ते त्या वर्षी वाया गेले, म्हणून उशिराला दंड हवा आणि तो गॅसच्या बिलातून कापला जावा. गाळप सुरू होण्याआधी, सप्टेंबरच्या सभेत, हा ठराव मांडायला पुरेसा वेळ असतो.